सात अक्षरांची जागा

अप्पांना झटका आला तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि बोलणं सगळं गेलं. सगळं म्हणजे एक ओळ सोडून. पाणी हवं का विचारलं की ते आपल्याकडे नीट बघायचे, ओठ जुळवायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "कुर्यात् सदा मंगलम्." दुखतंय का? कुर्यात् सदा मंगलम्. दिवा मालवू का? कुर्यात् सदा मंगलम्. पहिल्या दिवशी मला हसू आलं, आणि मग त्या हसण्याचा इतका संताप आला की मी हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन बसले.

हीच ओळ का उरली, ते आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सीमाभागातल्या आमच्या गावात अप्पांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. पत्रिका छापायला दिली की मंगलाष्टक फुकट, हा त्यांचा नेम. वधूवरांची नावं, आईबापांची नावं, गाव, कुलदैवत, आत्या फारच रुसणारी असेल तर आत्याचंही नाव, सगळं शार्दूलविक्रीडितात बसवून द्यायचे. पुन्हा लग्नात माईक धरून म्हणायलाही तेच. एका ओळीत एकोणीस अक्षरं, त्यांतल्या बारांनंतर श्वास घ्यायची जागा, आणि उरलेल्या सातांत ठरलेलं पालुपद. एका अष्टकात आठ वेळा, आणि लग्नसराईत दिवसाला दोन-दोन लग्नं. आयुष्यभर त्या सात अक्षरांच्या जागेवर येऊन ते थांबले होते, तेव्हा झटक्यानंतरही तिथेच येऊन थांबले यात नवल काहीच नव्हतं.

वृत्ताच्या बाबतीत ते हट्टी होते. नाव बसत नसेल तर नाव वाकवायचे, वृत्त नाही. नुसती वेलांटी जुळली म्हणजे यमक झालं असं समजणाऱ्या कवींना ते 'वेलांटीवाले' म्हणत. माझ्यासाठीचं अष्टक तर केव्हाच तयार होतं, फक्त नवऱ्याच्या नावाची चार अक्षरं मोकळी होती. "गुरु, गुरु, लघु, गुरु असा मुलगा बघ," असं ते मला फोनवर सांगायचे. तसा मुलगा मिळाला नाही. वेगळ्या मापाचे एक-दोन मिळाले होते, पण ते टिकले नाहीत. चाळिशी आली तशी त्यांनी ती थट्टा बंद केली आणि मला उलट तीच थट्टा आठवत राहिली.

झटक्यानंतर मी आई आणि अप्पा दोघांना बंगळूरला आणलं. मी महादेवपुऱ्याला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे आणि चांगला दवाखाना जवळ आहे. गावात यातलं काय आहे? घर आहे, छापखान्याला कुलूप आहे. मी आईला सांगून टाकलं की आता तुम्ही इथेच राहायचं. गावचं घर भाड्याने देऊ, एक शिक्षक जोडपं बघायला यायला तयार आहे. आईने वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली, "घर त्यांचं हाय. ते बोलू देत की, मग त्यांना विचारू. त्यांना विचारल्याबिगर मी हो म्हणायची नाही."

म्हणजे अप्पा बोलल्याशिवाय काहीच हलणार नव्हतं. शिक्षक जोडपं आठवड्याला फोन करून विचारत होतं आणि मी त्यांना पुढच्या आठवड्यावर ढकलत होते. अप्पांनी बोलावं ही माझी तळमळ खरीच होती. पण ते बोलले की माझ्याच बाजूने बोलतील हेही मी धरून चालले होते.

के. आर. पुरमजवळच्या एका दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट मिळाली. तिशीची, कन्नड मुलगी. आमच्याकडचे सगळे जुने लोक कन्नड जाणतात, त्यामुळे ती अप्पांशी थेट बोलू लागली. "नीरु बेका, अप्पा?" पाणी हवं का, असं तिने विचारलं. अप्पांनी उत्तर दिलं. तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाली, "हे पुन्हा म्हणायला सांगा." अप्पांनी पुन्हा म्हटलं. तिने टेबलावर बोटं वाजवून पाहिली आणि म्हणाली, "शार्दूलविक्रीडित ना हे? आम्हाला शाळेत होतं. अक्षरांच्या डोक्यावर रेघा काढून प्रस्तार करायला लावायचे."

आम्हालाही लावायचे. लघूवर अर्धचंद्र, गुरूवर आडवी रेघ. तिच्या कन्नड वहीत आणि माझ्या मराठी वहीत एकच खुणा होत्या, हे कळल्यावर मला ती एकदम मावसबहिणीसारखी वाटली. तिने समजावलं ते असं: स्वतःचं वाक्य जुळवायची मेंदूतली जागा दुखावली आहे. पण ताल, चाल, यमक, वारंवार घोकलेलं पालुपद हे दुसरीकडे राहतं आणि ते शाबूत आहे. त्या शाबूत रस्त्यानेच आपल्याला आत शिरायचं. डाव्या हाताने ताल धरायचा, लघूला हलकी टिचकी, गुरूला जड. पहिली बारा अक्षरं आपण म्हणायची आणि सातांची जागा त्यांच्यासाठी मोकळी सोडायची. त्या जागेत मंगलम् ऐवजी त्यांच्या गरजेचा शब्द यायला हवा. "तुम्ही ओळी लिहून आणा," ती म्हणाली. "तेच वृत्त, पण रोजचं बोलणं. सरी?"

मी 'सरी', म्हणजे बरं, म्हटलं आणि फसले. जन्मात एक ओळ वृत्तात लिहिली नव्हती. छापखान्यात वाढलेली मुलगी म्हणून लोकांना वाटतं की हिच्या अंगात ते असणारच. माझ्या अंगात फक्त चुका शोधणं आहे, त्याचाच मला पगार मिळतो. आता सगळीकडे मला लघु-गुरु दिसायला लागले. मेट्रोत पुढच्या स्टेशनची घोषणा झाली की मी मांडीवर टिचक्या मारायची. मीटिंगमध्ये साहेब बोलत असताना मी त्यांच्या वाक्यांचे गण पाडत होते, आणि त्यांनी माझं मत विचारलं तेव्हा विषय काय आहे हेच मला सांगता आलं नाही. कुरियरच्या खोक्यांवर, लाइट बिलाच्या पाठीवर, जिथे कोरं दिसेल तिथे अर्धचंद्र आणि रेघा. स्वस्थ बसवत नव्हतं. चालताना ओळ जमते म्हणून मी बाल्कनीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची आणि आई म्हणायची, "एका जागी बस की गं, मला बघूनच भोवळ यायलीय."

शेवटी एक ओळ जमली. 'आता सांग मला, तुला जर हवे', इथे बारा अक्षरं संपली, आणि पुढे सातांत, 'पाणी, दही की चहा'. मी ती पुन्हापुन्हा तपासली. पाणी, गुरु गुरु. दही, लघु गुरु. की, गुरु. चहा, लघु गुरु. 'कुर्यात् सदा मंगलम्'च्या पावलावर पाऊल. मला इतका आनंद झाला की मी अप्पांपुढे बसून लगेच ती चालीवर म्हटली.

आईच्या हातातली भाजीची जुडी तशीच राहिली. "बापाला 'सांग'? बापाला 'तुला'?"

आमच्याकडे वडिलांना अरेतुरे करत नाहीत. जन्मापासून मी अप्पांना अहोजाहो करत आले. पण मी काय करणार? 'सांगा' म्हटलं की एका लघूचा गुरु होतो. 'तुम्हाला' तर कुठेच मावत नाही. मराठीतला सगळा मान दीर्घ आहे आणि नेमक्या त्या जागी वृत्ताला ऱ्हस्व हवा. मी आईला हे समजावायला लागले.

"मोडू दे की वृत्त," ती म्हणाली. "माणूस मोडलाय, आणि तू वृत्ताचं काय घेऊन बसलीस?"

अप्पा मात्र हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. ते कशाला हसले, माझ्या तू-ला की ओळ बसल्याला, हे मला कळलं नाही. मग मी जेवणाचीही ओळ केली. 'झाले जेवण का तुझे? बघ जरा, पोळी हवी की नको?' यात तर 'तुझे' होतं. आई ताट वाढून आत निघून गेली.

पुष्कळ आठवडे काहीच झालं नाही. मी बारा अक्षरं म्हणायची, जागा सोडायची, आणि अप्पा त्या जागेत मंगलम् आणून ठेवायचे. थेरपिस्ट अप्पांचा डावा हात आपल्या हातात घेऊन म्हणायची, "निधान, अप्पा. स्वल्प निधान." हळू, जरा हळू. मला हळू जमत नाही. मी यूट्यूबवर बघितलं, कुठे कोण गाणं म्हणता म्हणता बोलू लागलं, आणि मग ते बघून आणखी चिडले. एका रविवारी अप्पांना मेट्रोने चिकपेटला घेऊन गेले. तिथे लग्नपत्रिकांची दुकानं ओळीने आहेत. म्हटलं, कागद हाताला लागला तर काही हलेल. एका दुकानात ते खुर्चीवर बसले आणि डाव्या हाताने एकेक पत्रिका चाचपू लागले. सोनेरी छपाईवरून अंगठा फिरवून त्यांनी नाक मुरडलं, ते त्यांचं जुनं मुरडणं होतं. दुकानदाराने कन्नडात विचारलं, "मुलीचं लग्न का?" अप्पा म्हणाले, "कुर्यात् सदा मंगलम्." दुकानदाराने हात जोडले, मला नवरी समजून शुभेच्छा दिल्या आणि दर कमी सांगितला. मी अप्पांचा दंड धरून बाहेर आले, आणि त्या गर्दीत, हमालांच्या शिव्या खात, त्यांच्यावर ओरडले, "काहीतरी दुसरं बोला हो अप्पा." त्यांनी ओठ जुळवले. मग मान खाली घातली.

त्यानंतर पालुपद कमी झालं. ओरडण्यामुळे असेल असं मी थेरपिस्टला भीतभीत सांगितलं. ती म्हणाली, तसं नाही, ही चांगली खूण आहे, आता आपण चुकीचं बोलतो हे त्यांना ऐकू यायला लागलं. आणि मग एक दिवस सातांच्या जागेत 'पाणी' आलं. दोन जड टिचक्या आणि पाणी. पुढे काही दिवसांत पूर्ण 'पाणी, दही की चहा' आलं, चालीसकट. मी पेढे आणले. थेरपिस्टने पेढा खाल्ला आणि म्हणाली, "हे अजून पाठांतरच आहे. पालुपद बदललं, एवढंच. तिन्हींतलं एक निवडून तिथेच थांबले, की ते बोलणं." शिवाय तिने बजावलं, की अशा आजारात शब्दातली अक्षरं बदलतात, एक म्हणायला जावं तर त्याच मापाचं भलतंच येतं. त्यामुळे घाईने अर्थ लावायचा नाही.

ते झालं थंडीच्या दिवसांत. बाजारात अवरेकाईचे, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे, ढीग आले होते. आई टेबलाशी शेंगा सोलत बसली होती, सकाळची उन्हं बाल्कनीतून आत आली होती, अप्पा खुर्चीत आणि मी त्यांच्यासमोर. शिक्षक जोडप्याचा नुकताच फोन येऊन गेला होता, त्यांना दुसरं घर दिसलं होतं आणि आता हो किंवा नाही एवढंच हवं होतं. मी अप्पांचा हात टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "आता सांग मला, तुला जर हवे..."

ते थांबले. मी बोटांकडे बघत होते. दोन जड टिचक्या आल्या नाहीत. एक हलकी आली, एक जड.

"घरी," अप्पा म्हणाले.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी मात्र उठले, फ्रिज उघडला आणि वाटीत दही काढलं. काढताना मनात सगळी मांडणी तयार होती. दही आणि घरी, दोन्ही लघु-गुरु, दोघांनाही शेवटी तीच वेलांटी, मापाला माप. त्यांना दही म्हणायचं होतं, पहिलं अक्षर घसरलं. अप्पांनी हे यमक जन्मात छापलं नसतं, ते वेलांटीवाल्यांचं यमक, पण मला त्या क्षणी चालत होतं. मी वाटी पुढे केली. त्यांनी तोंड फिरवलं.

"दही म्हटले न्हाईत ते," आई म्हणाली.

"आई, या आजारात अक्षरं बदलतात. सांगितलंय ना तिने."

"बरं," आई म्हणाली, आणि शेंगांकडे बघत राहिली.

मग मला त्यांचंच अष्टक आठवलं. जवळजवळ प्रत्येक लग्नात म्हटलेली त्यांची ओळ, 'आली आज घरी सुलक्षण वधू'. तिथेही घरी आहेच. म्हणजे हे पाठांतरातलंच निसटून आलं असणार. तपासणं सोपं होतं. मी चालीवर म्हटलं, "आली आज घरी..." आणि थांबले. पाठांतर असतं तर पुढची सुलक्षण वधू आपोआप आली असती. अप्पांनी माझ्याकडे बघितलं, छापखान्यातल्या नवशिक्या माणसाने उलटा कागद लावला की बघायचे तसं. वधू आली नाही.

आमच्या कामात एक नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. मी ओळीतून दही काढून टाकलं. "आता सांग मला, तुला जर हवे, पाणी हवे की चहा?" पूर्ण ओळ म्हटली, मग पुन्हा बारा अक्षरं म्हणून जागा सोडली. आता ओळीत वेलांटीचा तो शब्दच नव्हता. घसरायचंच असेल तर 'हवे' किंवा 'चहा'वर घसरायला हवं होतं, आणि त्यांच्या शेवटी वेलांटी नाही. हलकी टिचकी, जड टिचकी.

"घरी."

तरी मी हटले नाही. मी आईला म्हटलं, "हे बघ, आपण घरात 'घरी' कधी म्हणतो का? आपल्या बोलण्यात ते आहे का? आपण 'घराकडं' म्हणतो. अप्पा तर जन्मभर घराकडंच म्हणत आले. घरी हा छापील शब्द आहे, लग्नपत्रिकेतला. मनातलं बोलायचं असतं तर ते असं पुस्तकी बोलले असते का? हे कवितेतलंच कुठलं तरी आहे." मी हे फार वेळ बोलत होते. हातात दह्याची वाटी होती आणि मी शार्दूलविक्रीडितात मराठीचे कुठले शब्द सहज बसतात हे आईला समजावत होते. लाइट बिलाच्या पाठीवर खुणा काढून दाखवायलाही निघाले.

अप्पांनी टेबलावरचा हात उचलून मांडीवर घेतला. टिचकी नाही, चाल नाही. त्यांचा चेहरा लाल झाला, मानेची शीर वर आली, आणि ओठ दोनदा जुळून सुटले. मला वाटलं, परत मंगलम् येणार.

"घ-रा-कडं," ते म्हणाले.

सातांच्या त्या जागेत हा शब्द बसत नाही. कुठूनही लावून बघा, बसत नाही. त्यांच्या एकाही अष्टकात तो नाही, कारण त्यांनी आपलं बोलणं कधी छापलंच नाही. माझ्याकडे आता तपासायला काही उरलं नव्हतं.

"ऐकलंस नव्हं?" आईने विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता.

ऐकलं होतं. ते बोलावेत म्हणून मी जिवाचं रान केलं होतं, आणि ते बोलले तर मला ऐकायचं नव्हतं. मला रडू फुटलं, ते आनंदाचं होतं आणि रागाचंही होतं, आणि त्यातलं कुठलं जास्त ते मला आजही सांगता येणार नाही.

"ऐकलं," मी म्हटलं.

अप्पांचा माझ्यावर विश्वास बसला नसावा. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, मी त्यांच्याकडे बघेपर्यंत ते थांबले, आणि मला नीट कळावं म्हणून, सावकाश, पुन्हा एकदा म्हणाले, "घराकडं."